मंडई आणि माळवे

शहर पाहावयाचे म्हणजे तेथील देवळे, वाडे आणि किल्ले पाहावयाचे, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. गेल्या काही वर्षांत मात्र शहर खाऊन पाहण्याची एक नवी चाल निघाली आहे. दहा-बारा पाहुणे गोळा करावयाचे, त्यांना एखाद्या जुन्या बाजारातून हिंडवावयाचे, या गाळ्यावर एक फोड, त्या दुकानात एक घास असे करीत दोन-तीन तासांत शहराची ओळख करून द्यावयाची, असा हा उपक्रम असतो. त्याला 'फूड वॉक' म्हणतात. आम्ही त्याला खाद्यफेरी म्हणू. पुण्याच्या महात्मा फुले मंडईतही अशा फेऱ्या निघतात, आणि गेल्या फाल्गुनात आम्ही एकीत सामील झालो. ज्याने सारा जन्म पुण्यात काढला त्याने पैसे मोजून मंडई पाहावी, याचे घरच्या मंडळींना हसू आले. परंतु रोज ज्या वाटेने पिशवी घेऊन जातो ती वाट इतरांना कशी दिसते, हे एकदा पाहून ठेवावे असे आम्हांस वाटले.

आमचा वाटाड्या तरुण होता, हौशी होता आणि बोलण्यात तरबेज होता. लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी त्याने सर्वांना जमविले आणि सांगितले, "हा बाजार पेशव्यांच्या काळापासून इथे भरतो." पाहुण्यांनी माना डोलविल्या. जुन्या दगडी इमारतीकडे पाहून कोणीही डोलवील. परंतु खरा इतिहास याहून अधिक मनोरंजक आहे, आणि तो कोणत्याच थांब्यावर निघाला नाही, म्हणून येथे सांगतो.

पेशवाईत आणि त्यानंतरही बरीच वर्षे पुण्याची भाजी शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात विकली जाई. वर छप्पर नव्हते, खाली फरशी नव्हती. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धुरळा हीच तिथली सोय. शुक्रवार पेठेतली आजची इमारत उघडली ती 1886 साली, म्हणजे पेशवाई जाऊन अडुसष्ट वर्षे लोटल्यावर. तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे होते, म्हणून तिचे नाव रे मार्केट पडले. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांनी केले. फर्ग्युसन कॉलेजची मुख्य इमारतही त्यांच्याच हातची. मध्ये उंच अष्टकोनी मनोरा, त्याच्या भोवती दगडी कमानींच्या पाखा आणि वर उतरती कौले, असा तिचा थाट आहे. बांधणी विलायती गॉथिक धर्तीची, पण दगड आपला सह्याद्रीचा काळा. भाजी विकण्यासाठी एवढी भव्य इमारत कशाला, असे आज कोणी विचारीत नाही. तेव्हा मात्र विचारणारा एक मनुष्य होता. त्याच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

पुण्याला अशा मंडईची गरज नेमकी त्याच सुमारास का भासली, हे समजावयास मंडईच्या बाहेर पाहावे लागते. 1858 साली पुण्यापर्यंत आगगाडी आली आणि 1863 साली बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला. त्यासरशी घाटावरचा माल मुंबईला आणि मुंबईचा घाटावर सरळ जाऊ-येऊ लागला. खेड-जुन्नरकडच्या बटाट्याला मुंबईचे गिऱ्हाईक मिळाले ते या रुळांमुळे. दुसरी गोष्ट पाण्याची. खडकवासल्याचे धरण 1879 साली पुरे झाले आणि मुठेच्या कालव्याचे पाणी हडपसर-मांजरीच्या रानांतून वाहू लागले. जेथे आकाशाकडे पाहून बाजरी पेरीत, तेथे बारमाही बागाईत उभे राहिले. पुण्याची वस्तीही वाढत होती, छावणीला रोज ताजी भाजी लागत होती. तेव्हा रूळ, कालवा आणि मंडई ही तिघे एकाच पिढीतली भावंडे होत. पेशव्यांना हिच्यात ओढण्याचे कारण नाही.

आत शिरल्यावर वाटाड्याने पाहुण्यांना पुरंदरची अंजिरे दिली, तिखटमीठ लावलेली पेरूची फोड दिली आणि "हा खास इथल्या मातीचा मेवा" असे सांगितले. मातीबद्दल आमची तक्रार नाही. पुरंदरची माती अंजिराला आणि सीताफळाला मानवते हे कोणीही कबूल करील. पण पेरू हे झाड अमेरिका खंडातले, आणि सीताफळही तिकडचेच. पोर्तुगीजांची गलबते सोळाव्या शतकात गोव्याला लागली, आणि त्यांच्याबरोबर जे आले त्याने आज मंडईचे अर्धे गाळे भरले आहेत. बटाटा हा शब्द पोर्तुगीज आहे. कोबी, काजू, अननस, पपई हेही त्याच वाटेने आपल्या भाषेत शिरले. टोमॅटो तर इतका उशिरा आला की त्याला एक नाव देण्याइतकीही उसंत आपणांस मिळाली नाही. विदर्भात तो भेदरे झाला, कोल्हापुराकडे टंबाटे झाला आणि पुण्यात साहेबी नावानेच राहिला. मिरचीचा प्रकार अधिक गमतीचा. ती येण्यापूर्वी आपला तिखटपणा मिरे, पिंपळी आणि आले यांच्यावर चालत असे. परक्या देशातल्या या तिखट शेंगेला आपण मिऱ्यावरून नाव दिले आणि दोन-तीन शतकांत ती इतकी घरची केली की, मिरचीवाचून महाराष्ट्र कसा असेल याची आज कल्पनाही करवत नाही. शिवछत्रपतींच्या मावळ्यांच्या शिदोरीत बटाट्याची भाजी दाखविणाऱ्या चित्रपटवाल्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

फेरीतला दिवस नेमका एकादशीचा होता. त्यामुळे पुढचा थांबा साबुदाण्याच्या खिचडीचा ठरला, आणि वाटाड्याने उपवासाच्या पदार्थांना 'सर्वांत प्राचीन, सर्वांत शुद्ध' अशी पदवी दिली. आमच्या बशीत काय होते ते पाहा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच. हिरवी मिरची तिकडचीच. साबुदाणा पूर्वी मलायाकडून सागो नावाच्या ताडाचा येई. दुसऱ्या महायुद्धात तो येईनासा झाला, तेव्हा तमिळ मुलखात सेलमच्या बाजूला टॅपिओकाच्या कंदापासून तो करू लागले, आणि तो कंदही मूळ ब्राझीलचा. बशीत रताळ्याचा कीस असता किंवा राजगिऱ्याचा लाडू असता तरी निकाल हाच लागला असता. ज्या दिवशी आपण वाडवडिलांचे धान्य वर्ज्य करतो त्या दिवशी आपण पोटभर अमेरिका खातो. वरई आणि शिंगाडा या दोघांनी काय ती आपली बाजू राखली आहे! यात धर्माची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. उलट यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. जुन्या शास्त्रकारांनी जी धान्ये वर्ज्य ठरविली ती त्यांच्या ओळखीची होती. जे कंद आणि दाणे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते त्यांचा निषेध ते कुठून करणार? नवख्याला नियम लागू झाला नाही, आणि तो देवघरापर्यंत जाऊन बसला.

खिचडी संपत असता परप्रांतातून आलेल्या एका बाईंनी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "फुले म्हणजे फूलच ना? पूर्वी इथे फुलांचा बाजार भरायचा का?" दोघे-तिघे हसले. आम्हांस मात्र हा प्रश्न त्या दिवसातला सर्वांत चांगला वाटला. कारण जोतीरावांचे मूळ आडनाव गोऱ्हे. घराण्यात फुलांचा धंदा आला म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. तेव्हा बाई अर्ध्या तरी बरोबर होत्या. वाटाड्याने उत्तर दिले, "थोर समाजसुधारक होते," आणि मंडळी तुळशीबागेकडे वळली. उत्तर खोटे नव्हते, पण मंडईशी त्या थोरपणाचा काय संबंध, हे सांगावयाचे राहिले.

संबंध असा आहे. जोतीराव 1876 पासून 1882 पर्यंत पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. 1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते, आणि त्यांच्या स्वागताच्या शोभेवर हजार रुपये खर्चावे असा ठराव आला. त्याला विरोध करणारे जोतीराव एकटे निघाले. हा पैसा मुलांच्या शिक्षणाला द्या, असे त्यांचे म्हणणे. पुढे टोलेजंग मंडई बांधण्याची योजना निघाली, तेव्हाही त्यांनी तिला विरोध केला, आणि कारण तेच दिले. गोरगरिबांच्या शाळांना पैसा नाही आणि भाजीच्या ओट्यांना मनोरा कशाला? ठराव अर्थातच मंजूर झाला. 1890 साली जोतीराव वारले. पुढे एकोणीसशे तीसच्या दशकाच्या अखेरीस, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, रे मार्केटचे नाव पुसून तेथे महात्मा फुले यांचे नाव घालण्यात आले. अशा रीतीने ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला तीच त्यांचे स्मारक झाली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटालाही पुढे त्यांचेच नाव मिळाले.

या गोष्टीतला विरोधाभास सांगून बहुतेक लेखक थांबतात. परंतु जोतीराव मंडईविषयी बोलले ते कोणत्या अधिकाराने, हे पाहिल्यावाचून गोष्ट पुरी होत नाही. ते माळ्याच्या घरचे. मांजरीला त्यांची स्वतःची जमीन होती, म्हणजे कालव्याच्या पाण्याने होणारे बागाईत त्यांनी हाताने केलेले होते. भाजी रानातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या टोपलीत पडेपर्यंत तिचे काय काय होते, हे त्या सभागृहात त्यांच्याइतके फार थोड्यांना ठाऊक असावे. 1883 साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यात शहरात गाडीभर माळवे विकावयास आणणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब आला आहे. लबाड तराजू, दलाल आणि नगरपालिकेची जकात यांच्यात मालाची सगळी किंमत जाते. गाडीभाडे पदरचे भरावे लागते. आणि गडी रित्या हाताने पोराबाळांपुढे जाऊन उभा राहतो. हे पुस्तक लिहिणारा मनुष्य त्या जकातीवर चालणाऱ्या नगरपालिकेत नुकताच सहा वर्षे बसून आलेला होता. म्हणून मंडईला त्यांचा जो विरोध, तो कंजुषीचा नव्हता आणि सौंदर्याच्या द्वेषाचाही नव्हता. पैसा येतो कोणाच्या गाडीवरून आणि लागतो कोणत्या मनोऱ्याला, एवढाच त्यांचा सवाल होता.

त्या हिशेबातली कलमे एकेक करून पुढे बदलत गेली. जोतीरावांनी ज्या तराजूला लबाड म्हटले तो शेरमणाचा. 1958 पासून किलोग्रॅमची वजने येऊ लागली आणि चार वर्षांत सक्तीची झाली. घाऊक बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची 'हत्ता' नावाची रीत होती. मालाचा धनी शेजारी उभा, पण आपला माल कितीला गेला हे त्यालाच दिसत नसे. बाजार समित्यांच्या नियमांनी तिच्या जागी उघडा लिलाव आणला. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजारासंबंधीचा कायदा 1963 सालचा आहे. कालांतराने घाऊक व्यापार मंडईतून उठून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. जकात पुण्यातून 2013 साली गेली. 2016 साली फळे आणि भाजीपाला यांना बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक मिळाली, आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी असे ठरले. म्हणजे असुडातली बहुतेक कलमे कागदोपत्री निकालात निघाली. तरीही आवक वाढली की कोथिंबिरीच्या जुड्या बांधावर टाकून देणारा शेतकरी दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रात दिसतो, आणि त्याच आठवड्यात आपण मंडईत त्याच जुडीवरून घासाघीस करीत असतो. मधले काय होते, हे खाद्यफेरीत दाखविणे अवघड आहे हे आम्हांस मान्य आहे. त्याची चव कशी देणार?

वाटाड्याला दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्याच्यामुळे चार परके लोक मंडईत आले, गाळेवाल्यांशी बोलले, आणि पावशेर अंजिरे घेऊन गेले. शाळेतल्या मुलांना आपण एवढेही दाखवीत नाही. शनिवारवाड्याच्या सहली निघतात, पण मंडईची सहल आम्ही तरी ऐकलेली नाही. आता तर मंडईच्या पोटाखाली मेट्रोचे स्थानक झाले आहे आणि 2024 पासून तेथे गाडी थांबते. तेव्हा लांबचे निमित्तही उरले नाही.

परततांना आम्ही इमारतीच्या बाहेरच्या कडेने आलो. तेथे गोणपाटावर माळवे मांडून काही बाया बसतात. आत गाळ्यावर जे नसते ते यांच्यापुढे असते: चंदनबटवा, आंबट चुका, पोकळा, तांदुळजा, पावसाळ्यात घोळ आणि कुरडू. पोर्तुगिजांची गलबते येण्यापूर्वीपासून या मातीत उगवणाऱ्या भाज्या आज पायरीखाली आहेत, आणि नंतर आलेल्या ओट्यावर. फेरीचा थांबा या ठिकाणी नव्हता, कारण या भाज्या कच्च्या खाण्याच्या नव्हेत. आम्ही चंदनबटव्याची एक जुडी उचलली आणि सवयीने भाव कमी करावयास तोंड उघडले. बाई म्हणाल्या, "दादा, पहाटेच्या गाडीनं आलेय, भाडंच सुटायचं हाय अजून." आम्ही सांगितला तो भाव दिला.