शेणीचा धूर, खारं पाणी

माळ्यावर चढा. खाली आता थांबण्यासारखं काही नाही. घराच्या भिंती लाटांनी नेल्यात. छप्पर मात्र जागेवर आहे, कारण ते भिंतींवर टेकलेलंच नव्हतं. टेकाडाच्या मातीत खोल पुरलेल्या लाकडी खांबांनी ते पेललंय. भिंत एक दिवस जाणार, हे धरूनच इथले लोक घर बांधतात.

३ फेब्रुवारी १८२५ची रात्र. तुम्ही उत्तर समुद्रातल्या होगे या हालिगवर आहात. हालिग म्हणजे उंच बांध नसलेलं सपाट, गवताळ बेट. राज्य डेन्मार्कच्या राजाचं. जर्मनी नावाचा देश अजून व्हायचाय. घरं माणसांनी भर घालून उभारलेल्या टेकाडांवर. टेकाडाला इथे ‘वार्फ्ट’ म्हणतात.

पाणी ओसरतं. आधी माणसं शोधायची, मग प्यायचं पाणी. वार्फ्टवर पावसाचं पाणी साठवायचं तळं आहे, ‘फेथिंग’. ओंजळ भरून जिभेला लावा. खारट! चहूकडे समुद्र, आणि वाचलेल्या मेंढीला पाजायला घोटभर नाही.

जुलैत राजा सहावा फ्रेडरिक पाहणीला येतो आणि वादळामुळे अडकतो. एका कप्तानाच्या १७७६ सालच्या घरात, निळ्या-पांढऱ्या डच फरशांनी मढवलेल्या खोलीत त्याची सोय होते. बिछाना भिंतीतल्या कपाटात, आखूड. राजालाही पाय पोटाशी घ्यावे लागले असणार.

स्वयंपाकघरात डोकावा, वास ओळखीचा वाटेल. झाडंच नाहीत, तर सरपण कुठलं? शेण उतारावर पसरून, तुडवून, चौकोनी तुकडे कापून वाळवतात. त्यांचं नाव ‘डिटन’. आपण थापतो, हे कापतात, एवढंच.

आता आजच्या होगेत या. जेमतेम शंभर माणसांची ही स्वतंत्र ग्रामपालिका. १९१४ साली पुरा झालेला बुटका बांध उन्हाळ्यातल्या भरत्या अडवतो. हिवाळी तुफान त्याला जुमानत नाही. १९६२च्या पुरानंतर घरांच्या वरच्या मजल्यावर काँक्रीटची आसऱ्याची खोली आली, तीही वार्फ्टमध्ये खोल रोवलेल्या खांबांवर. जुनंच गणित, फक्त लाकडाच्या जागी काँक्रीट.

कुरणं बुडायला लागली की ‘लांडउंटर’. गुरं कधीच वर आणलेली असतात. शेजारी गाडी टेकाडावर चढवून ठेवतो, दाराला फळ्या लावतो आणि चहाचं आधण ठेवतो.