मतदानकेंद्रावरील साक्षी व गोतसभेची रीत

मुचकुंदी नदीच्या मुखाशीं असलेला पूर्णगड संशोधकांस परिचित आहे तो त्याच्या तटबुरुजांमुळें. परंतु रत्नागिरी जिल्ह्यांतील असल्या बंदरगांवांचा एक अगदीं अलीकडचा इतिहास असा आहे कीं, त्याचीं साधनें आपल्या डोळ्यांदेखत नाहींशीं होत आहेत आणि संग्राहकांचें तिकडे लक्ष नाहीं. निवडणुकीच्या दिवशीं केंद्रांत बसणारे उमेदवारांचे प्रतिनिधि, बाहेर चिठ्ठ्या देणारे स्वयंसेवक आणि या उभयतांची पक्षाभिमानी वर्तणूक, हा तो विषय होय. हा विषय राजकारणाचा आहे, इतिहासाचा नव्हे, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य नाहीं. कारण यांतील मूळ प्रश्न जुनीं निवाडपत्रें वाचणारास चांगला ओळखीचा आहे. ज्याचा निकालांत स्वार्थ गुंतला आहे त्याची साक्ष घ्यावी कीं न घ्यावी?

मराठेशाहींत वतनाचा तंटा गोतापुढें येई तेव्हां वादी व प्रतिवादी या दोघांच्याही तकरिरी घेत. होईल तो निवाडा आम्हांस कबूल, असा राजीनामा दोघांपासून लिहून घेत आणि त्यावर जामीन घेत. (राजीनामा शब्दाचा आजचा अर्थ मनांत धरून जुना कागद वाचणारे अजून भेटतात, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.) स्थळाचें गोत प्रतिपक्षाकडे झुकलें आहे अशी शंका आल्यास वादी परस्थळ मागे, व वाद दुसऱ्या ठिकाणच्या गोताकडे जाई. म्हणजे पक्षपाती मनुष्यास सभेबाहेर घालवावयाचें नाहीं, त्याचें म्हणणें नोंदावयाचें. निवाडा करणारा मात्र परका असला तरी चालेल, नव्हे कित्येक वेळां तोच बरा, अशी ती व्यवस्था होती. मात्र ही साक्ष उघड असे. महजरावर पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी अशा निशाण्या पडत, आणि कोण कोणत्या बाजूस उभा राहिला हें साऱ्या गांवास कळे.

इंग्रजी अमदानींतील निवडणुकीनें ही उघड निशाणी पडद्याआड नेली. १९१९च्या सुधारणांप्रमाणें मुंबई इलाख्यांत ग्रामीण मतदारास सामान्यतः ३२ रुपये साऱ्याची जमीन असावी लागे. रत्नागिरी व पंचमहाल जिल्ह्यांपुरती ती अट १६ रुपयांची होती. कोंकणांतील जमिनीचे तुकडे पाहतां ही सवलत अवश्यच होती. १९२० सालीं दंडविधानांत निवडणुकीच्या अपराधांचें स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें. लांच, गैरवाजवी दडपण व तोतयेगिरी यांच्या व्याख्या तेव्हांपासूनच्या. पैकीं दडपण हा शब्द खोती गांवांत पोकळ नव्हता. ज्याच्या जमिनीवर कुळानें राबावयाचें त्याचाच माणूस मतदानाच्या ठिकाणीं उभा असला, तर कुळाला धमकी देण्याचीही गरज नव्हती. असें असतां १९३७ सालीं याच जिल्ह्यांतून स्वतंत्र मजूर पक्षाचे अनंतराव चित्रे व शामराव परुळेकर मुंबई विधिमंडळावर निवडून गेले, आणि त्याच वर्षीं डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. खोती कायद्यानें गेली ती १९४९च्या अधिनियमानें. खोत बसलेला असतांनाच कुळांच्या बाजूचे प्रतिनिधि निवडून आले, याचें श्रेय चळवळीइतकेंच आम्ही मताच्या गुप्ततेस देतों.

१९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असून तिच्यावर त्याचें चिन्ह असे: काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, समाजवाद्यांचें झाड. मतपत्रिकेवर खूण करावयाची नसे. ती पेटींत टाकली कीं झालें. महजरावरील नांगर आणि पेटीवरील बैलजोडी यांत फरक एवढाच कीं, पहिल्यानें माणूस उघड होई आणि दुसरीनें तो झांकला जाई. पण या पद्धतींत एक छिद्र होतें. मतपत्रिका पेटींत न टाकतां खिशांतून बाहेर आणून कोणा पक्षाच्या माणसास देतां येई. १९६२च्या निवडणुकीपर्यंत एकाच पत्रिकेवर शिक्का मारण्याची रीत रूढ झाली व हें छिद्र बुजलें.

१९५१च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमांतील योजना निवाडपत्रांच्या अभ्यासकानें बारकाईनें पाहावी. केंद्रापासून शंभर यार्डांच्या आंत (पुढें शंभर मीटर) मत मागणें हा अपराध. पण उमेदवाराचा प्रतिनिधि मात्र केंद्राच्या आंत हक्कानें बसतो. आलेला मतदार तोतया आहे अशी हरकत त्यास घेतां येते. १९६१च्या नियमांप्रमाणें त्यासाठीं दोन रुपये अनामत ठेवावी लागते, आणि हरकत खोडसाळ ठरल्यास ती जप्त होते. जुन्या जामिनाचाच हा अवतार! मतदान अधिकारी बाहेरगांवचा, व प्रतिनिधि सामान्यतः त्याच परिसरांतील मतदार. निवाडा करणारा परस्थळचा आणि तोंडओळख असलेला साक्षी स्थळाचा, हीच ती जुनी वांटणी. यामुळें प्रतिनिधीचा पक्षाभिमान हा दोष मानण्याचें कारण नाहीं. विरुद्ध पक्षांचे दोघे समोरासमोर बसले कीं एकाचा संशय दुसऱ्यावर पहारा करतो. एकाच बाजूचा माणूस उरला, किंवा दोघे आंतून मिळाले, तर मात्र परस्थळचा अधिकारी आंधळा होतो. त्याला गांवांतला एकही चेहरा ठाऊक नसतो.

आतां पुराव्याविषयीं. पक्षीय वर्तणुकीचा तपशील टिकतो तो बहुधा वाद न्यायाधिकरणापुढें गेला तरच. रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवें हें ज्यांचें मूळ गांव, त्या डॉ. आंबेडकरांचेंच उदाहरण घ्या. १९५२ सालीं उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघांत ते नारायण सदोबा काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनीं पराभूत झाले. तेथें प्रत्येकास दोन मतें होतीं व दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. अशीं ७४,३३३ मतें बाद झाल्याचें सांगण्यांत येतें. मतदारांस मत वायां घालविण्यास शिकविलें, या तक्रारीवर आंबेडकर व अशोक मेहता यांनीं अर्ज केला. तो फेटाळला गेला. निकाल कांहीं असो, अर्ज झाला म्हणून तो प्रचार कागदावर उरला. जेथें अर्ज झाला नाहीं तेथें काय उरतें? सीलबंद कागद १९६१च्या नियमांप्रमाणें वर्षभर ठेवून पुढें नष्ट करावयाचे असतात, आणि गुप्ततेच्या दृष्टीनें तें योग्यही आहे.

तेव्हां उरतात ते प्रतिनिधीचे स्वतःचे कागद: नेमणूकपत्र, खुणा केलेली मतदारयादी, झालेल्या मतांच्या हिशोबाची त्यास मिळालेली प्रत. हे घरोघर रद्दींत जात आहेत. ते एकपक्षीय आहेत म्हणून टाकूं नयेत. बखरींवर राजवाड्यांनीं १८९८ सालीं केलेली टीका ज्यांना पाठ आहे त्यांनींही बखरी जाळल्या नाहींत. बाहेरच्या स्वयंसेवकाच्या चिठ्ठीची अडचण वेगळी आहे. आयोगाच्या आचारसंहितेप्रमाणें ती पांढऱ्या कागदावर असावी लागते व तिच्यावर चिन्ह, उमेदवार वा पक्ष यांचें नांव चालत नाहीं. म्हणजे नियम पाळणारी चिठ्ठी निनांवी असते, आणि तिच्यावर चिन्ह आढळलें तर नियम मोडल्याचा तोच पुरावा होतो. अशी चिठ्ठी हातीं येईल त्यानें तिच्या पाठीवर गांव, केंद्राचा क्रमांक, तारीख आणि ती कोणत्या पक्षाच्या टेबलावरून मिळाली हें त्याच दिवशीं शाईनें लिहून ठेवावें.