टंकलेखन यंत्राची साक्ष

मराठी टंकलेखन यंत्र कालबाह्य झाले, असे आपण गेली वीस वर्षे ऐकत आहोत. तरीही सीमाभागातील एखाद्या वकिलाच्या कचेरीत, पतपेढीच्या मागच्या खोलीत, वाचनालयाच्या कार्यवाहांच्या मेजावर ते अजून दिसते, आणि ते शोभेपुरते ठेवलेले नसते. त्यावर पाकिटांचे पत्ते उमटतात, छापील नमुन्यांतील रिकाम्या जागा भरल्या जातात, मुद्रांकावर चार ओळींचा मजकूर उतरतो. आमच्या कचेरीतही असे एक यंत्र चालू स्थितीत आहे. याला जुन्या वस्तूंचा मोह म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही. परंतु हे यंत्र मराठी लिपीशी कसे वागले, आणि मराठी कागदाला त्याने काय मिळवून दिले, हा प्रश्न भाषेचा विचार करणाऱ्यांनी सोडून देण्यासारखा नाही.

यंत्र मुळात रोमन लिपीसाठी घडले. ख्रिस्तोफर शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे यंत्र रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या अमेरिकी कारखान्याने १८७४ मध्ये बाजारात आणले. त्यावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. एका कळीवर दोन अक्षरे बसवण्याची युक्ती चार वर्षांनी आली आणि कळफलकाचे गणित ठरून गेले: चव्वेचाळीस ते सेहेचाळीस कळा, म्हणजे नव्वदीच्या आसपास चिन्हे. इंग्रजीच्या बावन्न अक्षरांना, अंकांना आणि विरामचिन्हांना एवढी जागा ऐसपैस होती.

देवनागरीला ती कशी पुरणार? स्वर, व्यंजने, बाराखडीतील चिन्हे, अनुस्वार, विसर्ग, रफार, अर्धी अक्षरे, दहा अंक, आणि त्यावर जोडाक्षरांचा सारा गोतावळा! हाताने खिळे जुळवणाऱ्या छापखान्यांत खिळ्यांचे शेकडो प्रकार लागत. ‘केसरी’ चालवताना लोकमान्य टिळकांनाही ही संख्या घटवण्याच्या प्रश्नात डोके घालावे लागले होते. छापखान्यात निदान खिळ्यांच्या पेट्या वाढवता येतात. यंत्राच्या पोटात जागा वाढवता येत नाही.

यातून वाट काढली ती एका साध्या निरीक्षणाने. नागरीतील बहुतेक व्यंजनांच्या अंगात उभा दंड असतो, आणि तो काढला की अक्षर अर्धे होते. तेव्हा दंडाला, म्हणजे आपल्या कान्याला, स्वतःची कळ देण्यात आली. अर्धा ‘ख’ उमटवा आणि पुढे काना जोडा, पूर्ण ‘ख’ तयार. घ, थ, ध, भ, ण, श आणि ष यांचीही तीच गत. त, न, म, प, स, ल, व, च, ज, ब ही रोजच्या राबत्यातील अक्षरे मात्र पूर्ण रूपात खाली आणि अर्ध्या रूपात त्याच कळीवर वर बसली. म्हणजे ‘त’ला एक ठोका आणि ‘थ’ला दोन. कोणते अक्षर भाषेत किती चालते याचा हिशोब या मांडणीत आहे, आणि तो बऱ्यापैकी खरा आहे. स्वरांचेही तसेच. ‘आ’ म्हणजे ‘अ’ अधिक काना, ‘ऐ’ म्हणजे ‘ए’वर मात्रा, आणि ‘ई’ म्हणजे ‘इ’च्या डोक्यावर चक्क रफार! व्याकरणकाराच्या अंगावर काटा येईल, पण कागदावर उमटलेले अक्षर निर्दोष दिसते.

मात्रा, उकार आणि अनुस्वार यांच्या कळा दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नाही, म्हणून ती चिन्हे अक्षराच्या डोक्यावर वा पायाशी बसतात. ऱ्हस्व वेलांटी मात्र अक्षराच्या आधी उमटवावी लागते. ‘किती’ लिहिताना तोंडातून आधी ‘क’ येतो, पण बोट आधी वेलांटीकडे जाते. टंकलेखक कानाने नव्हे, डोळ्याने लिहितो. ही गोष्ट लहान वाटली तरी तिचा परिणाम पुढे संगणकापर्यंत पोहोचला आहे. जोडाक्षरांपैकी क्ष, ज्ञ, श्र, त्र यांच्यासारख्या मानकऱ्यांची सोय झाली. बाकीच्या अनेकांचे पाय मोडले गेले.

मराठीची खरी अडचण निराळीच होती. आपल्याला र्‍य आणि र्‍ह यांत येणारा तो आडवा, पापणीसारखा अर्धा ‘र’ लागतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यायची असते आणि ‘आचाऱ्यांना’ मजुरी. हिंदीला या चिन्हाची गरज नाही, तेव्हा हिंदी डोळ्यांसमोर ठेवून जुळवलेल्या कळफलकावर त्याची आठवण कोणाला होणार? इंदूरच्या एका परिचितांच्या घरी आजोबांचे हिंदी यंत्र आहे. त्यावरची कौटुंबिक मराठी पत्रे आम्ही पाहिली आहेत. प्रत्येक ‘दुसऱ्या’ आणि ‘तिसऱ्या’मधली ती पापणी शाईच्या लेखणीने हाताने काढलेली आहे. तीन पिढ्या मध्य भारतात राहून ज्यांनी एवढी दक्षता घेतली, त्यांच्या मराठीबद्दल निराळे प्रमाणपत्र लागत नाही.

यंत्र लिपीला अपुरे पडते म्हणून लिपीच बदलावी, असाही एक विचार जोरात होता. १९३५ साली इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन झाले आणि नागरी लिपी सुधारणेची समिती नेमली गेली. तिची धुरा काका कालेलकरांकडे होती. साताऱ्यात जन्मलेले, बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवलेले आणि पुढे गुजरातीचे थोर लेखक ठरलेले कालेलकर हे बृहन्महाराष्ट्राचेच अपत्य. ‘अ’लाच वेलांट्या आणि उकार देऊन अि, अी, अु, अू लिहावे, ही ‘अ’ची बाराखडी त्या काळी बरीच गाजली. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने तिच्यात पुस्तके छापली. इकडे सावरकरही लिपिशुद्धीच्या चळवळीत तिचाच पुरस्कार करीत होते. गांधीजी आणि सावरकर यांचे ज्या मोजक्या गोष्टींत जमले त्यांत ही एक, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. पुढे १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली. ती लोकांना रुचली नाही आणि चार वर्षांत मागे घ्यावी लागली. आम्हांला यात लोकांचा शहाणपणा दिसतो. यंत्र पन्नास वर्षांत बदलेल, लिपी कशाला बदलायची, असे कोणी सभेत म्हटले नसेल, पण वागले सगळे तसेच.

जी लिपी यंत्रावर चढलीच नाही तिचे काय झाले, हे मोडीकडे पाहून समजते. मोडीतील खरेदीखत आज पुराव्यात दाखल करायचे तर आधी जाणकार शोधावा लागतो, मग लिप्यंतर, मग त्या लिप्यंतरावर आक्षेप. बालबोध मात्र आधी छपाईत आणि नंतर यंत्रावर टिकली. या बाबतीत कन्नडची वाटही सोपी नव्हती. अनंत सुब्बराव यांनी त्या वळणदार लिपीचा कळफलक जुळवला, ती कामगिरी कोणत्याही भाषाप्रेमी मराठी माणसाने आदराने पाहावी अशीच आहे.

स्वातंत्र्यानंतर यंत्र देशात बनू लागले. गोदरेजचे पहिले यंत्र १९५५ साली तयार झाले. या उद्योगाचा शेवटही महाराष्ट्रातच झाला. बेळगावहून पुण्याला जाताना महामार्गावर शिरवळ लागते, तेथे ही यंत्रे बनत. २००९ मध्ये उत्पादन थांबले आणि २०११ मध्ये ‘जगातील अखेरचा टंकलेखन यंत्रांचा कारखाना बंद’ अशी बातमी जगभर फिरली. ती अगदी अचूक नव्हती, इतरत्र काही यंत्रे तेव्हाही बनत होती. पण बातमीने हळहळलेली माणसे खरी होती.

कायद्याच्या अंगाने या यंत्राचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही, म्हणून तेथे थोडे थांबतो. हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९५२ चा निवाडा परिस्थितीजन्य पुराव्यासाठी प्रत्येक विधी विद्यार्थी वाचतो. नागपूरच्या त्या खटल्यात एका पत्रावरील तारीख खोटी आहे, कारण ज्या यंत्रावर ते लिहिले ते यंत्र नागपुरास त्या तारखेनंतर आले, असा सरकार पक्षाचा दावा होता. त्यासाठी तज्ज्ञ उभे केले गेले. अमुक मजकूर अमुक यंत्रावर उमटला, हे तज्ज्ञाचे मत पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये बसत नाही, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले. चव्वेचाळीस वर्षांनी, १९९६ मध्ये, एस. जे. चौधरी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही भूमिका बदलली. प्रत्येक यंत्राची झीज निराळी, कोठे ‘म’चा दंड तुटलेला, कोठे मात्रा किंचित डावीकडे. हे ओळखणे शास्त्रात मोडते आणि असे मत ग्राह्य आहे, असे ठरले. हस्ताक्षराइतकीच यंत्रालाही स्वतःची ओळख असते, हे न्यायालयाने मान्य केले तेव्हा यंत्रेच कचेऱ्यांतून हद्दपार होऊ लागली होती!

कार्बन प्रतीचेही असेच. एकाच ठोक्याने तीन-चार कागदांवर उमटलेला मजकूर ही नक्कल नव्हे. एकाच प्रक्रियेतून निघालेली प्रत प्राथमिक पुरावा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या पृथी चंद प्रकरणात एका वैद्यकीय दाखल्याच्या कार्बन प्रतीबाबत स्वीकारले. ही बाब आमच्या भागासाठी केवळ पुस्तकी नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि तेव्हापासून सीमाभागातील मराठी माणूस अर्ज लिहीत आला आहे. घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने कोणत्याही व्यक्तीला तक्रारीच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क दिला आहे. हक्क घटनेत होता, पण त्याला अंग दिले ते मराठी यंत्राने. हाताने लिहिलेला अर्ज ‘वाचता येत नाही’ म्हणून परत करता येतो. स्वच्छ टंकलिखित अर्ज परत करताना कारण शोधावे लागते. महाजन आयोगाच्या वेळच्या, १९६६-६७ मधील निवेदनांच्या कार्बन प्रती काही घरांत आजही जपलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. कागद कांद्याच्या पातीसारखा पातळ, अक्षर निळसर, पण शब्द न् शब्द वाचता येतो.

उलट दिशेने येणाऱ्या कागदांची गोष्ट वेगळी. पूर्वी एका कचेरीत मराठीतून उत्तर मागितले असता ‘आमच्याकडे मराठी यंत्र नाही’ असे सांगितले गेले. ते बहुधा खरेही होते. आज प्रत्येक कारकुनाच्या खिशातील फोनवर मराठी लिहिता येते, त्यामुळे ते कारण उरलेले नाही. दुसरे शोधले जाते.

संगणक आला आणि यंत्राचा कळफलक मात्र तसाच राहिला. ‘रेमिंग्टन’ मांडणी संगणकात उतरली, आणि ज्यांची बोटे यंत्रावर घडली होती त्यांचा रोजगार वाचला. सरकारने १९८० च्या दशकात आखलेली इन्स्क्रिप्ट मांडणी भाषाशास्त्राच्या दृष्टीने कितीतरी सुसंगत आहे. तीत वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनानंतर येते. नव्याने शिकणाऱ्याने तीच शिकावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण चाळीस वर्षे डोळ्याने लिहिलेल्या बोटांना कानाने लिहायला सांगणे सोपे नाही. आमचे वृद्ध टंकलेखक संगणकावर आजही वेलांटी आधी शोधतात.

खरे नुकसान मधल्या काळात झाले. १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत मराठी मजकूर नाना फॉन्टांत साठवला गेला, आणि प्रत्येक फॉन्टचे आतले संकेत निराळे. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोड रुळेपर्यंत हेच चालले. आमच्याच कपाटात १९९७ च्या दाव्यांचे कैफियतनामे चकत्यांवर पडून आहेत. चकती वाचणारे यंत्र मिळाले तरी मजकूर उलगडत नाही. त्याच कपाटातील १९६८ ची टंकलिखित फिर्याद मात्र कोणीही उचलून वाचावी. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्या लढ्याचा आधारच कागद आहे, त्याला हा फरक परवडणारा नाही.

म्हणून वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशा चकत्या असतील त्यांनी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर याच वर्षी करून घ्यावे. त्या फॉन्टांची माहिती असलेली माणसे अजून आहेत. आणि ज्यांच्याकडे कार्बन प्रती आहेत त्यांनी त्या उन्हापासून दूर, सपाट ठेवाव्यात, घड्या घालू नयेत, आणि टाचण्या आजच काढाव्यात. गंज नेमका कोपऱ्यातून आत येतो, आणि आपल्याकडे तारीख कोपऱ्यातच घालतात.