हरित पर्जन्यजल व्यवस्था, शहरी भूखंडांवरील

इमारतीचे छत, आवार आणि अंतर्गत रस्ते यांवर पडणारे पावसाचे पाणी थेट गटारात न सोडता माती, वाळू, खडी व झाडोरा यांच्या साहाय्याने त्याच भूखंडावर अडवणारी, गाळणारी, शक्य तेवढे मुरवणारी आणि उरलेले सावकाश बाहेर सोडणारी रचना. वर्षाबाग, हरित छत, सच्छिद्र फरसबंदी, गवती चर आणि उथळ तळी हे तिचे नेहमीचे घटक. साठवणीची टाकी किंवा कूपनलिकेचे पुनर्भरण यांच्याशी तिची सर्रास गल्लत होते. त्या दोहोंचा रोख टंचाईवर असतो, तर या व्यवस्थेचे पहिले काम लोंढा लांबवण्याचे असते.

मोकळ्या जमिनीवरचा बराच पाऊस मुरतो, काही पानांवर आणि खळग्यांत अडतो, उरलेल्याला ओढ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तीच जमीन काँक्रीटखाली गेली की जवळजवळ सगळे पाणी काही मिनिटांत गटाराच्या तोंडाशी येते. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १,००० चौरस मीटरच्या आवारात तासाला ५० मिमी या वेगाने पाऊस झाला, तर तासाभरात ५०,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर, बाहेरच्या वाहिनीकडे निघतात.

वर्षाबाग हा यांतला सर्वांत उपयुक्त घटक, आणि सर्वांत जास्त चुकवला जाणाराही. भोवतालच्या फरशीपेक्षा १५ ते ३० सेंमी खोल ठेवलेला हा वाफा असतो. वर पालापाचोळ्याचे आच्छादन, खाली ४५ ते ९० सेंमी वाळूमिश्रित माती, तिच्याखाली खडी आणि तळची जमीन पाणी पीत नसेल तर खडीत भोके पाडलेला पाइप. छताच्या पन्हळीचे पाणी आधी दगडगोट्यांवर पडावे लागते. ते नसले तर पहिल्या जोरदार सरीतच माती उकरली जाऊन खड्डा पडतो. ठरलेल्या पातळीवरचे पाणी एका उभ्या नळीच्या तोंडातून वाहिनीत जाते. कर्दळ, वाळा यांसारखी, पाण्यात उभी राहणारी आणि पुढे कोरडही सोसणारी झाडे इथे टिकतात. वाफा एक-दोन दिवसांत रिकामा व्हायलाच हवा, कारण उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा पुरतो.

सगळा खेळ पातळीचा आहे. आपल्याकडे मात्र विटांची कड उभारून वाफा फरशीहून वीतभर उंच करण्याची रीत आहे. असा वाफा फरशीवरचे पाणी आत घेत नाहीच, वर स्वतःची मातीही पावसासोबत बाहेर सोडतो. बांधकाम प्रकल्पांच्या जाहिरातींत हिरवळीची टक्केवारी दिलेली असते. पण हिरवळ पाणी धरते की ओतते, हे तिच्या रंगावरून कळत नाही.

या रचनेला आजचे रूप देण्यात अमेरिकेतील मेरिलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीचा वाटा मोठा आहे. तिथे १९९०च्या दशकाच्या आरंभी सॉमरसेट या सुमारे २०० घरांच्या वसाहतीत एका मोठ्या तळ्याऐवजी घरोघरच्या आवारात वर्षाबागा करण्यात आल्या. लॅरी कॉफमन हे त्या कामामागचे प्रमुख अभियंते. स्वीडनमधील माल्मो शहराच्या ऑगस्टेनबोर्ग भागाची गोष्ट वेगळी. ही दुसऱ्या महायुद्धानंतरची भाडेकरूंची वसाहत. मैलापाणी आणि पाऊस एकाच वाहिनीत असल्याने मोठ्या पावसात घाण पाणी तळघरांत शिरे. १९९८ पासून तिथे छतांचे पाणी वाहिनीतून तोडून उघड्या पन्हळींतून आणि अंगणांतील तळ्यांतून फिरवण्यात आले. जुन्या वसाहतीत, माणसे राहत असताना हे करता येते, हा या प्रयोगाचा खरा धडा. नव्या प्रकल्पात तर निमित्त सांगायलाही जागा उरत नाही.

नियमांच्या बाबतीत दोन शहरे पाहण्यासारखी आहेत. फिलाडेल्फियाने २०११ मध्ये २५ वर्षांची योजना हाती घेतली आणि ‘हरित एकर’ हे तिचे माप ठरवले : ज्या एका एकरावरच्या पक्क्या पृष्ठभागाचे किमान पहिले एक इंच, म्हणजे २५ मिमी, पाणी जागीच हाताळले जाते तो एकर. १५,००० चौरस फुटांहून अधिक जमीन उकरणाऱ्या प्रकल्पांना पाणी जागीच हाताळण्याचे बंधन आहे, आणि बिगरनिवासी मिळकतींना पर्जन्यजलाचा आकार मुख्यतः पक्क्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळानुसार पडतो. वाहनतळावर डांबर वाढले की बिल वाढते. सिंगापूरने २०१४ पासून ०.२ हेक्टर व त्याहून मोठ्या प्रकल्पांना बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या कमाल वेगाची मर्यादा घातली. ती वर्षाबागेने पाळायची, टाकीने की दोहोंनी, हे ज्याचे त्याने ठरवायचे. उष्ण कटिबंधातील पावसाला हीच पद्धत अधिक लागू पडते.

त्याचे कारण हिशेबात दिसते. १,००० चौरस मीटर पक्क्या पृष्ठभागासाठी ८० चौरस मीटरची वर्षाबाग घेतली आणि तिच्यात २० सेंमी पाणी तुंबू दिले, तर १६,००० लिटर मावतात. मातीने तासाला १०० मिमी या वेगाने पाणी प्यायले, तर पहिल्या तासात आणखी ८,००० लिटर जातात. मिळून हा २४ मिमी पाऊस झाला. फिलाडेल्फियाच्या मापाजवळ तो पोचतो, मुंबईच्या जुलैत तो अर्ध्या तासाचा पाहुणा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. शहराची जुनी पर्जन्यजल यंत्रणा तासाला २५ मिमीच्या हिशेबाने बांधलेली होती आणि भरतीच्या वेळी तिची तोंडे समुद्राखाली जातात. अशा दिवसाला बागा पुरणार नाहीत. चीनमध्ये ‘स्पंज शहर’ म्हणून याच धर्तीची मोठी कामे झालेल्या चंग्चौ शहरात २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिमी पाऊस झाला आणि शहर बुडाले. त्यावरून ती कामे फुकट गेली असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. ही व्यवस्था वारंवार येणाऱ्या मध्यम सरींसाठी असते. अतिवृष्टीसाठी टाक्या, मोकळी मैदाने आणि रुंद नाले लागतातच. मुंबईत पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता परिसरासाठी मैदानाखाली टाक्या बांधण्यात आल्या, त्या याच कारणाने.

हरित छताचेही तसेच. १० सेंमीचा हलका थर साधारण ३० मिमी पाणी धरतो, पण सलग आठ दिवस पाऊस लागल्यावर तो आधीच भिजलेला असतो. भिजलेल्या थराचा भार चौरस मीटरला शंभरावर किलो होतो, म्हणून जुन्या स्लॅबवर तो संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय टाकू नये. सच्छिद्र फरसबंदीखाली ३० सेंमी खडी असेल तर पोकळ्यांत सुमारे १०० मिमी पाऊस मावतो. मात्र बारीक मातीने पृष्ठभाग बुजला की ती साध्या पेव्हर ब्लॉकसारखीच वागते. बांधकाम चालू असतानाच, डंपरच्या चाकांच्या चिखलाने, ती बुजण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रात जमिनीचा प्रकार आधी पाहावा लागतो. दख्खनचा बेसाल्ट कठीण आहे. पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. काळी माती भिजून फुगते, सुकून भेगाळते, तेव्हा पायालगत पाणी मुरवणे घातक. शोषखड्ड्यासाठी खड्डा खणून त्यात पाणी भरावे आणि तासाला ते किती उतरते हे मोजावे. ही चाचणी एका दिवसात होते आणि पुष्कळदा केली जात नाही. त्यात पुण्या-मुंबईच्या अनेक प्रकल्पांत तळघरातले वाहनतळ कुंपणापासून कुंपणापर्यंत खणलेले असतात. वरची बाग स्लॅबवर असते, मूळ जमीन उरलेलीच नसते. तिथे मुरवण्याची भाषा व्यर्थ आहे. पाणी थोपवून बारीक छिद्रातून सोडणे एवढेच हाती राहते.

मुंबईत २००२ मध्ये १,००० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले, आणि पुणे महानगरपालिका त्यासाठी मिळकतकरात सवलत देते. या तरतुदींचा भर संधारणाची सोय असण्यावर आहे. आवाराबाहेर किती पाणी किती वेगाने गेले, हे कुणी मोजत नाही. दुरुस्तीचा भाग त्याहून दुबळा. दर उन्हाळ्यात माळी नवी लाल माती आणून खोलगट वाफा समपातळीवर आणतो, आणि पाणी आत येण्यासाठी कडेला ठेवलेली खाच फुटलेली समजून गवंडी सिमेंटने बंद करतो. लिफ्टचा आणि अग्निशमन पंपाचा देखभाल करार सोसायटीला इमारत ताब्यात घेताना मिळतो. वाफ्याची पातळी दाखवणारा नकाशा क्वचितच मिळतो.