रुडेरालिस भांग
रशियाच्या व्होल्गा परिसरात पडीक जमिनीवर वाढणारी भांगेची बुटकी जात. वर्णन : वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की, १९२४. अनेक अभ्यासक तिला कॅनाबिस सटायव्हाचाच प्रकार मानतात. नेहमीची भांग रात्री पुरेशा लांबल्याशिवाय फुलत नाही. रुडेरालिस मात्र वयात आली की, दिवस मोठा असतानाही फुलते. हा गुण खरोखर विलक्षण आहे : उत्तरेकडील आखूड उन्हाळ्यात रात्र वाढण्याची वाट पाहिली, तर बी पिकण्याआधीच थंडी गाठते. स्वयंपुष्पी संकरित वाणांत हा गुण रुडेरालिसकडूनच आला. मात्र अशा झाडाची फांदी कलमासाठी निरुपयोगी, कारण तिचे वय मूळ झाडाइतकेच धरले जाते. याउलट, नेहमीच्या भांगेची कलमे घेण्यासाठीची मूळ झाडे मोठ्या दिवसांत वर्षानुवर्षे फुलाविना राखता येतात. भारतात गांजाची विनापरवाना लागवड १९८५च्या अमली पदार्थ कायद्यान्वये गुन्हा आहे.