सामुदायिक मानसिक आरोग्य : पदव्युत्तर शिक्षण
मनोरुग्णाची चिकित्सा इस्पितळाच्या भिंतींआड न कोंडता त्याच्या कुटुंबात व वस्तीत व्हावी, हा विचार भारतात पद्धतशीरपणे शिकविणाऱ्या आद्य संस्थांत क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली मुंबईत १९३६ मध्ये निघालेल्या, व १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यालयाची गणना होते. १९३७ मध्ये तिने बालमार्गदर्शन चिकित्सालय उघडले. क्षेत्रकार्य हाच या शिक्षणाचा कणा : विद्यार्थी रुग्णाच्या घरी जाऊन सासू, नवरा, शेजारी यांच्या हकिकती टिपून घेतो व तो मजकूर पर्यवेक्षकापुढे दाखल करतो, हे दप्तर कंटाळवाणे खरे, पण व्याख्यानांहून अधिक शिकविणारे. वस्तीतच चिकित्सा हा विचार पुढे सरकारी धोरणातही उतरला : राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सरकारने १९८२ मध्ये अंगीकारला.