चार पाट्यांचा उंदीर

१८९७ चं पुणं म्हटलं की आपल्याला प्लेग, रँड आणि चापेकर बंधू आठवतात. शाळेच्या पुस्तकात ती गोष्ट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत संपते. प्लेग मात्र तिथे थांबला नव्हता. हीच साथ १८९४ मध्ये हाँगकाँगला होती, १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला उतरली आणि १९०१ मध्ये जहाजातून दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनला पोचली. आजचा एपिसोड तिच्या या आफ्रिकेतल्या फांदीवरून सुरू होतो आणि एका पिंजऱ्यापाशी येऊन थांबतो. त्या पिंजऱ्यात साधारण साठ-सत्तर ग्रॅमचा, करड्या-तपकिरी रंगाचा, अतिशय मऊ केसांचा एक उंदीर आहे.

इंग्रजीत त्याला ‘आफ्रिकन सॉफ्ट-फर्ड रॅट’ म्हणतात. घरातला छोटा उंदीर वीसेक ग्रॅमचा आणि गटारातला मोठा उंदीर तीनशे ग्रॅमच्या आसपासचा, तर हा मधल्या साइझचा. त्याचं शास्त्रीय नाव मॅस्टोमिस. ग्रीकमध्ये ‘मॅस्टोस’ म्हणजे स्तन आणि ‘मिस’ म्हणजे उंदीर. कारण साधं आहे. घरातल्या छोट्या उंदराच्या मादीला दहा स्तनाग्रं असतात, हिला चोवीसपर्यंत असू शकतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी यात पडले ती एका मित्रामुळे. आम्ही इंजिनिअरिंगला एकत्र होतो, आता तो अमेरिकेत असतो. त्याने असे चार उंदीर पाळलेत. त्याचा प्रश्न होता, “सहा महिने झाले, रोज हातावर दाणे देतोय. दाणे घेतात, पण उचलायला गेलो की चावतात. साधे पाळीव उंदीर तर लोकांच्या खांद्यावर बसून फिरतात. माझं काय चुकतंय?”

मला वाटतं याचं उत्तर त्याच्या हातात नाही, इतिहासात आहे. गेल्या शंभरेक वर्षांत माणसाने या प्राण्यावर चार वेगवेगळ्या पाट्या लावल्या. एकेक पाटी बघू.

पाटी पहिली: उपद्रवी

मॅस्टोमिस सहाराच्या दक्षिणेला जवळजवळ सगळीकडे सापडतो. शेतात, गवतात, धान्याच्या कणगीजवळ, मातीच्या घरात. टांझानियात मोरोगोरोला सोकोइने कृषी विद्यापीठ आहे. तिथे बेल्जियन आणि टांझानियन संशोधकांनी वर्षानुवर्षं मक्याच्या शेतातले हे उंदीर पकडले, खूण केली, सोडले आणि मोजले. पाऊस लवकर आणि भरपूर झाला की यांची वीण वाढते आणि पुढच्या हंगामात शेतात अक्षरशः उंदीरच उंदीर. एका हेक्टरात मोजक्या उंदरांवरून आकडा कित्येक शेकड्यांवर जातो. पेरलेला मका उगवायच्या आधीच उकरून खाल्ला जातो आणि शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते. दुबार पेरणी म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

हे शक्य होतं त्या चोवीस स्तनाग्रांमुळे. गर्भकाळ साधारण तेवीस दिवसांचा. एका वेळी दहा-बारा पिल्लं ही नेहमीची गोष्ट, कधी वीसच्या वर.

आता प्लेगकडे. केपटाउनला उतरलेला प्लेग बंदरातल्या उंदरांपुरता राहिला नाही. तो हळूहळू आतल्या गवताळ प्रदेशात गेला आणि तिथल्या जर्बिल नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यांमध्ये मुरला. पण जर्बिल घरात येत नाही. मग माणसांना प्लेग होतो कसा? मधला दुवा होता मॅस्टोमिस. तो जर्बिलच्या बिळातही शिरतो आणि शेतकऱ्याच्या झोपडीतही. पिसवा त्याच्या अंगावरून इकडून तिकडे.

दुसरा आरोप पश्चिम आफ्रिकेतला. १९६९ मध्ये नायजेरियातल्या लासा गावात एका नव्या तापाचा शोध लागला. १९७२ मध्ये सिएरा लिओनमधल्या साथीच्या वेळी संशोधकांनी घरांमधून उंदीर पकडले, आणि विषाणू सापडला तो मॅस्टोमिसमध्ये. उंदराची लघवी, विष्ठा आणि खाण्यासाठी त्याला पकडणं-सोलणं यातून लासा ताप माणसात येतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सगळ्या आफ्रिकेतल्या सगळ्या मॅस्टोमिसमध्ये हा विषाणू नसतो, तो पश्चिम आफ्रिकेतला प्रश्न आहे. पण पाटीवर इतकं बारीक कोण लिहितंय?

पाटी दुसरी: प्रयोगशाळेतला नमुना

प्लेगचा अभ्यास करायचा तर उंदीर लागणार. जोहान्सबर्गच्या साउथ आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डी. एच. एस. डेव्हिस आणि त्यांचे सहकारी रानातल्या उंदरांवर काम करत होते. १९४० च्या आसपास तिथे मॅस्टोमिसची पैदास सुरू झाली. पिंजऱ्यात सहज वाढतो, खायला नखरे नाहीत आणि पिल्लं भरपूर. प्रयोगशाळेला आणखी काय हवं?

पुढे १९५७ मध्ये जोहान्सबर्गमधूनच माहिती आली की या उंदरांना म्हातारपणी पोटात आपोआप गाठी होतात. मग ते अमेरिकेत आणि युरोपात गेले. पोटातलं ॲसिड औषधाने खूप काळ दाबून ठेवलं तर जठरातल्या पेशींचं काय होतं, हे तपासायला हा उंदीर कामी आला.

आणि आता भारत! लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था, म्हणजे सीडीआरआय, हत्तीरोगाच्या संशोधनासाठी मॅस्टोमिस वापरत आली आहे. विदर्भातल्या श्रोत्यांना हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायची मोहीम माहीत असेल. आपल्याकडे हा रोग मुख्यतः वुचेरेरिया नावाच्या जंतामुळे होतो, पण तो जंत उंदरात नीट वाढतच नाही. त्याचा भाऊबंद ब्रुगिया मात्र मॅस्टोमिसमध्ये वाढतो. म्हणून नव्या औषधांची परीक्षा या आफ्रिकन उंदरावर, उत्तर प्रदेशात.

एक गंमत माझ्यासारख्या कोडवाल्या लोकांसाठी. बरीच वर्षं सगळ्यांना सरसकट ‘मॅस्टोमिस नटालेन्सिस’ म्हटलं गेलं. नंतर गुणसूत्रं मोजली तर दिसायला जुळ्या भावांसारख्या दोन जाती निघाल्या: नटालेन्सिसला ३२ गुणसूत्रं, कूखाला ३६. प्लेगच्या प्रयोगात कूखा पटकन बळी पडला, नटालेन्सिस बराच टिकाव धरून राहिला. म्हणजे जुन्या पेपरमधला ‘नटालेन्सिस’ कित्येकदा कूखा होता. लेगसी कोडमध्ये एकाच नावाचे दोन व्हेरिएबल सापडावेत, तसं झालं हे.

आणि गुगल करणार असाल तर जपून! ‘सॉफ्ट-फर्ड फील्ड रॅट’ नावाचा एक उंदीर आपल्या शेतातही आहे, मिलार्डिया मेल्टाडा. १८३७ मध्ये त्याचं वर्णन झालं ते धारवाडच्या नमुन्यावरून. त्या भागाला तेव्हाचे इंग्रज ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणायचे. पण तो वेगळा प्राणी. नावातला मऊपणा तेवढा सारखा.

पाटी तिसरी: सापाचं खाणं

पश्चिम आफ्रिकेत बॉल पायथन नावाचा छोटा अजगर असतो. १९९० च्या दशकात त्याचे वेगवेगळ्या रंगांचे नमुने पैदा व्हायला लागले आणि अमेरिका-युरोपात त्याचं मोठं मार्केट उभं राहिलं. हा साप खाण्याच्या बाबतीत भलताच हट्टी आहे. पांढरे उंदीर पुढे केले तर महिनोन् महिने तोंड फिरवून बसतो. पण मॅस्टोमिस हे त्याचं गावाकडचं जेवण! तो वास आला की साप लगेच तयार. मग साप पाळणाऱ्यांनी टबामध्ये मॅस्टोमिसच्या वसाहती ठेवायला सुरुवात केली. छोट्या पांढऱ्या उंदरांपेक्षा यांना वास कमी, आणि नर-माद्या एकत्र गटाने राहतात. माद्या एकमेकींची पिल्लंही सांभाळतात.

पाटी चौथी: पेट

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. सापासाठी पाळलेल्या टबात कुणाला तरी एक पिल्लू आवडलं. मऊ लोकर, मोठे काळे डोळे, कायम चळवळ. “हे सापाला नाही द्यायचं,” असं ठरलं आणि पाटी बदलली.

याच सुमारास एक घटना घडली. एप्रिल २००३ मध्ये घानाहून टेक्ससला सुमारे ८०० छोटे सस्तन प्राणी विकायला आणले गेले. त्यातल्या काहींना मंकीपॉक्स होता. तो दुकानात शेजारी ठेवलेल्या प्रेअरी डॉगना झाला आणि त्यांच्याकडून माणसांना. सहा राज्यांत ४७ जणांना खात्रीची किंवा संभाव्य लागण झाली. संसर्ग सापडलेल्या प्राण्यांत मॅस्टोमिस नव्हता, पण अमेरिकेने आफ्रिकेतल्या सगळ्याच कृंतक प्राण्यांची, म्हणजे उंदीर-खारींच्या कुळाची, आयात बंद केली. ती बंदी चालूच राहिली. त्यामुळे तिथे पेट म्हणून जे मॅस्टोमिस वाढतात ते पिंजऱ्यातच जन्मलेल्यांचे वंशज.

मग चावतो का?

इथे मराठीतले दोन शब्द कामाला येतात: ‘माणसाळलेला’ आणि ‘पाळीव’. माणसाळतो तो एक जीव, त्याच्या एका आयुष्यात. पाळीव होतो तो वंश, आणि त्याला कित्येक पिढ्यांची निवड लागते.

खांद्यावर बसणारा साधा पाळीव उंदीर घ्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. पकडलेल्यांतले वेगळ्या रंगाचे उंदीर तो बाजूला ठेवायचा, त्यांची पैदास करायचा आणि विकायचा. चांगल्या घरच्या मुली ते खारीच्या पिंजऱ्यात ठेवायच्या. १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये उंदरांच्या सौंदर्यस्पर्धेचा वर्ग सुरू झाला. १९०६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत पांढरे उंदीर आले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पसरले. या सगळ्या प्रवासात एक चाळणी सतत चालू होती. चावरा उंदीर विकला जात नाही, स्पर्धेत बसत नाही, त्याची पिल्लं कुणी ठेवत नाही.

ही चाळणी किती जोरदार असते हे रशियात मुद्दाम तपासलं गेलं. नोव्होसिबिर्स्कच्या संस्थेत कोल्ह्यांवर प्रयोग करणाऱ्या बेल्यायेव यांच्या गटाने १९७२ पासून रानटी उंदरांच्या दोन ओळी वाढवल्या. एका ओळीत माणसाच्या हातमोज्याला सर्वात शांतपणे सामोरे जाणारे, दुसरीत सर्वात चवताळणारे. पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर एक ओळ हातात खेळते, दुसरी पिंजऱ्याच्या जाळीवर झेपावते. मूळ एकच.

आता मॅस्टोमिसची चाळणी बघा. जोहान्सबर्गमध्ये निकष काय? पिंजऱ्यात टिकतो का, रोग घेतो का. लखनौत निकष काय? जंत वाढतो का. सापवाल्यांचा निकष काय? पिल्लं किती आणि किती भराभर. ऐंशीहून जास्त वर्षं माणसाच्या ताब्यात राहूनही “हातात शांत बसतो का?” हा प्रश्न त्याला फारसा कुणी विचारलाच नाही. आमच्या टेस्टिंग टीममध्ये हे रोज दिसतं: जी टेस्ट कधी लिहिलीच नाही, ती पास होईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

म्हणजे काहीच होऊ शकत नाही का? होतं ना, पण ‘माणसाळलेला’ या पातळीवर, प्रत्येक पिल्लासोबत नव्याने. साधारण दोन आठवड्यांत डोळे उघडतात. तेव्हापासून रोज थोडा वेळ हाताचा वास आणि स्पर्श मिळाला तर फरक पडतो. वरून झडप घातल्यासारखं पकडायचं नाही, कारण वरून येतो तो घुबड असतो. दोन्ही हातांची ओंजळ खालून पुढे करायची आणि त्याला चढू द्यायचं. शेपटी कधीच धरायची नाही, वरची कातडी सोलून येऊ शकते. एकटा ठेवायचा नाही. आणि वाढलेल्या गटात नवा उंदीर एकदम सोडायचा नाही, मारामारी जिवावर बेतते. एवढं करून काही उंदीर हातावर येतात, काही शेवटपर्यंत लांबूनच दाणे घेतात. आयुष्य दोन-तीन वर्षांचं, आणि म्हातारपणी गाठी होऊ शकतात, हेही आधीच धरून चालायचं.

मित्राला मी एवढंच कळवलं: तुझं काही चुकत नाहीये आणि त्या उंदरांचंही नाही. त्यांना हातात घ्यायचा आग्रह सोड, मोठा पिंजरा दे, उकरायला माती दे आणि बघत बस. खांद्यावर बसणाराच हवा असेल तर जॅक ब्लॅकच्या खानदानातला आण.

तुम्हीही एखादी रील बघून “मला पण असा हवा” म्हणाल, तेव्हा एक प्रश्न आधी विचारा: हा प्राणी माणसाकडे कशासाठी आला, आणि पिढ्यान् पिढ्या कोणत्या गुणासाठी निवडला गेला? विकणारा तुम्हाला फक्त शेवटची पाटी दाखवतो. आधीच्या तीन पाट्या उंदराच्या रक्तात असतात.

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरी किंवा गावात असा अर्धवट माणसाळलेला एखादा प्राणी असेल तर त्याची गोष्ट मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!